पोटातली लसिकांची गाठ: सुई की दुर्बीण?

मुलाच्या पोटात ‘लिम्फॅटिक मालफॉर्मेशन’ निघालं की घरचे आधी विचारतात, कापावं किती लागेल? त्याआधी दोन गोष्टी विचारा: गाठीतल्या पोकळ्या मोठ्या आहेत की बारीक, आणि गाठ कशाला चिकटली आहे? हा कर्करोग नव्हे, लसिकावाहिन्यांच्या (लसिका हा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या शरीरातल्या बारीक नळ्यांच्या) घडणीतला जन्मजात दोष आहे. त्यामुळे बहुधा विचाराला सवड मिळते. मात्र अचानक तीव्र पोटदुखी, हिरवी उलटी किंवा ताप आला तर तुलना करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, गाठीत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गही.

सुईचा उपचार म्हणजे स्क्लेरोथेरपी. सोनोग्राफीत बघत पोकळीत सुई किंवा बारीक नळी घालतात, साचलेला द्रव काढतात आणि डॉक्सिसायक्लिन किंवा ब्लिओमायसिन हे औषध सोडतात. त्याने आतल्या अस्तराला सूज येते, भिंती एकमेकींना चिकटतात, गाठ आकसते. साधारण २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पोकळ्यांत हे चांगलं साधतं. पोटाच्या मागच्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेल्या गाठीसाठी माझा कल आधी याकडेच, कारण तिथे कापणं जोखमीचं. पण एका वेळेत भागेलच असं नाही. अनेकदा काही आठवड्यांनी पुन्हा यावं लागतं, आणि लहान मुलांना दर वेळी भूल. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात. तो तुम्हीही ठेवा.

आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात एकच सुटी गाठ असेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया मला उजवी वाटते. द्रव शोषून गाठ लहान करतात आणि बेंबीजवळच्या छेदातून बाहेर काढतात. पूर्ण निघाली तर ती परत होण्याची भीती कमी, शिवाय तपासायला गाठ हाती असते. आतड्याला घट्ट चिकटलेली असेल तर मात्र आतड्याचा तेवढा भाग कापून जोडावा लागतो. कधी ऐनवेळी पोट उघडावंही लागतं. याची तयारी आधीच विचारून घ्या.

बारीक पोकळ्यांची, सगळीकडे पसरलेली गाठ सुईला फारशी दाद देत नाही आणि पूर्ण कापूनही निघत नाही. तिथे सिरोलिमस हे तोंडाने घ्यायचं औषध विचारात घेतात. त्यासाठी रक्तातली पातळी वारंवार तपासावी लागते, तोंड येतं, संसर्गाला जपावं लागतं.

गाठ लहान असून त्रासच नसेल, तर नियमित सोनोग्राफी करत थांबणं हाही रीतसर पर्याय आहे.