हिरवं पाणी गेलं, शेवाळ राहिलं: तळ्याच्या फिल्टरचं एक वर्ष

आमच्या दापोलीच्या घरामागे परसात एक तळं आहे. तळं म्हणजे आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल, चिऱ्यात बांधून आतून सिमेंटचा गिलावा केलेलं. पाणी मावतं सव्वादोन हजार लिटर. त्यात सहा गोल्डफिश, मोजदाद नसलेले गप्पी आणि कुंड्यांत लावलेल्या दोन कुमुदिनी. गप्पी आरोग्य केंद्रातून फुकट आणलेले. डासांची एक अळी ते शिल्लक ठेवत नाहीत.

गेल्या वर्षी होळीनंतर पाणी असं हिरवं झालं की मासे आहेत की नाहीत हे दाणे टाकल्यावरच कळायचं. तीनदा तळं उपसलं, घासलं, भरलं. दर वेळी दहा दिवसांत पुन्हा पालकाचं सार. शेवटी साडेसात हजार रुपये मोजून ऑनलाइन यूव्ही फिल्टर मागवला. एक झाकणबंद डबा, आत तीन स्पंज आणि ११ वॅटचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, सोबत ३० वॅटचा पाण्यात बुडणारा पंप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा डब्यांमध्ये मला तरी रंगाखेरीज फारसा फरक दिसला नाही.

आधी कौतुक. आठव्या दिवशी सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले, तर तळ्याच्या बुडाशी निळं काहीतरी दिसलं. दिवाळीत हरवलेला कपड्यांचा चिमटा! तीनदा उपसूनही कुंडीच्या मागे दडून राहिला होता. पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ दिव्यासमोरून जाताना मरतं, त्याचे पुंजके होतात आणि ते स्पंजात अडकतात. हे काम हा डबा खरोखर करतो. पैसे तेवढ्यासाठी वसूल.

आता खोक्यावरच्या थापा. पंपावर लिहिलंय ताशी ३००० लिटर. मी पंधरा लिटरची बादली लावली आणि मोबाईलवर वेळ मोजली. भरायला ४० सेकंद, म्हणजे ताशी १३५०. पाणी वर चढवायचं, वर स्पंजातून ढकलायचं, तर एवढी घट होणारच. पण मग खोक्यावर तसं छापा ना! माझ्या तळ्याला पावणेदोन तासांत एक फेरा पुरतो. याहून मोठं तळं असेल तर खोक्यावरचा आकडा निम्मा धरूनच पंप निवडा.

आणि ‘शेवाळमुक्त तळे’ हे तर साफ खोटं. भिंतीला धरून वाढणारं सुतासारखं शेवाळ दिव्यासमोर येतच नाही, मग मरणार कसं? ते मी अजूनही खराट्याच्या काडीला शेवयांसारखं गुंडाळून काढते. आंब्याचा पाला बुडाशी कुजून काळा गाळ होतो, त्यालाही डबा हात लावत नाही. तारेच्या कड्याला जुनी मच्छरदाणी शिवून मी जाळं केलंय. दर रविवारी तेच.

खरी चूक झाली मे महिन्यात. मुंबईची मंडळी येणार म्हणून मी तिन्ही स्पंज नळाखाली ब्रशने घासून पांढरेशुभ्र केले. माहितीपत्रकातल्या चित्रात बाई तसंच करताना दाखवली होती. चार दिवसांनी पाणी दुधाळ, मासे तोंडं वर काढून हवा गिळतायत, आणि पाहुण्यांच्या देखत दोन गोल्डफिश उलटे. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, आमचं निळं औषध टाका.” शेजारचा कॉलेजातला मुलगा मासे पाळतो. तो आला, स्पंज बघितला आणि म्हणाला, “काकू, हा एवढा गोरा कसा केलात?” मग त्याने समजावलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याने मासे मरतात. तो पचवणारे जिवाणू या मळक्या स्पंजातच घर करून असतात. आमच्या नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर असते. घासण्यातून वाचले असतील तेवढे जिवाणू तिने मारले. आता एका वेळी एकच स्पंज, तळ्याच्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस. ते मळकं पाणी मोगऱ्याला. उन्हाळ्यात पाणी आटलं की नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवते, मगच तळ्यात घालते.

लाईटबद्दल. पंप आणि दिवा मिळून दिवसाला जवळपास एक युनिट. बिल वाचवायला मी महिनाभर रात्री बंद ठेवत होते. तोही शहाणपणा अंगाशी आला, कारण रात्री झाडं, शेवाळ, मासे सगळेच पाण्यातला प्राणवायू खातात आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. आणि जुलैत आमच्याकडे दोन दिवस लाईट गेली, तेव्हा बंद डब्यात कोंडलेलं पाणी सडलं. लाईट आल्यावर नळीचं तोंड आधी माडाच्या आळ्यात सोडलं म्हणून बरं. काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी पहिली दोन मिनिटं येत होतं. ते तळ्यात गेलं असतं तर उरलेले चारही गेले असते. याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही.

वायर आखूड आहे, फक्त दीड मीटर. वायरमनकडून वाढवून घेतली, त्याच वेळी ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की आपोआप बंद करणारा स्विच, बसवून घेतला. हात पाण्यात घालायच्या आधी बटण बंद, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

पाचपैकी तीन. अर्धा गुण मी कुमुदिनीमुळे कापला. पावसानंतर तिच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं, तेव्हा दिवा पंधरा दिवस बंद ठेवून बघितला, नुसता पंप चालू. पाणी तरीही हिरवं झालं नाही. सावली आधी केली असती, दाणे मुठीऐवजी चिमटीने टाकले असते, तर कदाचित नुसत्या पंपावर भागलं असतं.

दिव्याची नळी वर्षभरात कमजोर होते, निळा उजेड दिसत राहिला तरी. नवी मागवलीय, नऊशे रुपये. घरच्या पाण्याच्या प्युरिफायरची लावून बघितली होती, बसत नाही. आणि पाणी नितळ झाल्यापासून एक खंड्या रोज सकाळी सातला पंपाच्या पाइपावर येऊन बसतो. त्याला आता गप्पी लख्ख दिसतात.