आधी 'सेन्ना' की आधी 'शूमाकर'?

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कूलरसमोर दोन तास काढायचेत आणि फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीवरचा एकच माहितीपट बघायचाय, तर ब्राझीलच्या आयर्टन सेन्ना या रेसरवरचा २०१० चा 'सेन्ना' लावा. जर्मन रेसर मायकल शूमाकरवरचा २०२१ चा 'शूमाकर' मागाहून. पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन बोलणं भरपूर असल्याने सबटायटल लागतातच, म्हणजे कूलरची घरघर आडवी येत नाही.

आसिफ कपाडियांच्या 'सेन्ना'त खुर्चीत बसून आठवणी सांगणारं कोणी दिसत नाही. सगळं जुनं चित्रण, बोलणाऱ्यांचे फक्त आवाज. १९९१ ची ब्राझीलची शर्यत बघा. गिअरबॉक्सने दगा दिलेला, शेवटच्या फेऱ्या सहाव्या गिअरवर रेटलेल्या. जिंकल्यावर रेडिओवर आयर्टन सेन्नाचं ते ओरडणं, आणि नंतर करंडक उचलायला हात वर होईनात. समजावून सांगायला कोणी लागत नाही.

पण म्हणूनच हा चित्रपट जास्त चलाख आहे. सेन्नाचा प्रतिस्पर्धी, चार वेळचा विश्वविजेता अलां प्रोस्ट यात निव्वळ खलनायक वाटतो. १९८९ ला जपानमधल्या सुझुकात दोघांची टक्कर झाली, सेन्ना तरीही जिंकला आणि मग बाद ठरवला गेला. ते बघून आपलं डोकं इतकं तापतं, की पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या वळणावर त्याने प्रोस्टला उडवलं तेव्हा 'बरं झालं' वाटतं. ते जाणूनबुजून केलं, हे सेन्नाने १९९१ मध्ये स्वतःच सांगितलं. दोनशेच्या वर वेग असताना हा प्रकार! दिग्दर्शकाची बाजू आपण नकळत घेतो, एवढं भान ठेवून बघा.

'शूमाकर' घरच्यांच्या संमतीने झालेला, त्यामुळे सूर अदबीचा. जर्मनीतल्या केर्पेनच्या कार्टिंग (छोट्या रेसिंग गाड्यांच्या) ट्रॅकवर दुसऱ्यांनी टाकून दिलेले टायर वापरणारा पोरगा छान उभा राहतो. १९९७ ला स्पेनमधल्या हेरेझमध्ये शूमाकरने प्रतिस्पर्धी व्हिलनव्हला धडक दिली, हे लपवलेलं नाही. शूमाकर स्वतःची चूक मानतच नसे, हेही त्या काळचा रेसर कुल्टहार्ड याच्या बोलण्यातून कळतं. पण कोणी खोलात शिरत नाही. २००० चं फेरारीचं विजेतेपद झालं की पुढची चार भराभर उरकली आहेत. माझ्या मते हा चित्रपट शर्यतीचा नाहीच. २०१३ च्या स्कीइंग अपघातानंतरचं बोलताना पत्नी कोरिना प्रकृतीचा तपशील देत नाही, मुलगा मिक बापाशी आता ज्या गप्पा होऊ शकत नाहीत त्यांबद्दल बोलतो, आणि तिथे आपण गप्प होतो. खेळाचं वेड नसलेल्या घरच्यांना सोबत बसवायचं असेल, तर हाच आधी लावा.

फॉर्म्युला वनवरचीच 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' मालिका यांच्या रांगेत नको. त्यात भांडणं फुगवलेली असतात. रेसर मॅक्स वर्स्टापेनने मध्यंतरी त्याच कारणाने मुलाखती नाकारल्या होत्या. पोरं सुट्टीत बघतील, बघू द्या.