डबलसीटची हवा घरच्या घरी: बॅटरीवरच्या पंपाचा अनुभव

टायरमध्ये हवा भरण्याचे जे छोटे, बॅटरीवर चालणारे डिजिटल पंप सध्या दोन-अडीच हजारांत मिळतात, त्यांपैकी एक मी बजाज पल्सर १५० साठी बराच काळ वापरत आहे.

या गाडीच्या पुढच्या टायरमध्ये २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), मागच्या टायरमध्ये एकट्याने चालवताना २८ आणि डबलसीट असताना ३२ पीएसआय हवा ठेवायची असते. हे आकडे थंड टायरचे आहेत आणि पंपाचा खरा उपयोग इथेच कळतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते हे खरे. परंतु तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो, आणि त्याचे तापमान दहा अंशांनी चढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, त्यामुळे तिथे नेमकी २८ दिसलेली हवा सकाळी गाडी काढताना २५-२६ वर आलेली असते. शिवाय मागे कोणी बसणार आहे का, हे तिथे क्वचितच विचारले जाते. टायरच्या बाजूला छापलेला आकडा पाहून हवा भरणारेही भेटतात. तो कमाल दाब असतो, रोज ठेवायचा नव्हे.

घरी आकडा ठरवून बटण दाबले की यंत्र तेवढ्यावर आपोआप थांबते. आवाज मात्र मोठा आहे; पहाटे सोसायटीत तो चालवणे शेजारधर्माला धरून नाही. नळी जेमतेम दीड वीत असल्याने मागचे चाक फिरवून हवा भरायचा व्हॉल्व्ह खाली आणावा लागतो. नळीचे पितळी टोक भरताना चांगलेच तापते आणि आटे सोडवताना फुस्सकन थोडी हवा निसटते, म्हणून मी अर्धा-एक पीएसआय जास्तच लावतो. पंक्चरवाल्याकडच्या घड्याळी गेजशी (दाब मोजायच्या काटेवाल्या मापकाशी) ताडून पाहिले तेव्हा माझ्या पंपाचा आकडा एकाने जास्त निघाला. एवढा फरक चालण्यासारखा आहे, पण विकत घेतल्यावर एकदा अशी पडताळणी करून घ्यावी.

ज्यांची गाडी बहुतेक एकट्यानेच चालते आणि पेट्रोल पंप घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांना दोन-तीनशे रुपयांचा साधा गेज पुरेल. आठवड्यातून दोनदा डबलसीट घाट चढणाऱ्यांनी मात्र हा पंप जरूर घ्यावा.