कुमारजी लागले की ठोके गायब: छातीच्या पट्ट्याचा आठ महिन्यांचा अनुभव

बेळगावात पाऊस एकदा बसला की राजहंसगडाचा चढ विसरायचा. जूनमध्ये माझी सायकल टिळकवाडीतल्या घराच्या मागच्या खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, चढते, ती गणपती गेल्यावरच उतरते. उद्यमबागेत माझं काम तपासणीचं. दिवसभर मायक्रॉन मोजणाऱ्या माणसाला स्क्रीनवर हृदयाच्या ठोक्यांच्या 142 या आकड्याजागी दोन रेघा दिसल्या की चैन पडत नाही, म्हणून रिव्ह्यू लांबलाय.

छातीवर बांधून ठोके मोजणारा हार्ट रेटचा पट्टा ऑनलाइन घेतला, अडीच हजाराला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्याच महिन्यात मी तिला रागाने एक तारा दिला होता आणि तो नंतर निमूटपणे बदलला. विक्रेत्याच्या कस्टमर केअरने मात्र तीनदा ‘रिसेट करा’ एवढंच सांगितलं, त्याचा अर्धा तारा आजही कापलेला आहे.

आकडा चुकणं वेगळं आणि आकडा गायब होणं वेगळं, हे मला दीड महिन्याने कळलं. सुरुवातीची सात-आठ मिनिटं पट्टा कधी 190 दाखवायचा, कधी 70. घाम फुटला की सुतासारखा सरळ. म्हणजे कातडीवरून ठोके टिपणारे इलेक्ट्रोड कोरडे. आता पट्टा बांधण्याआधी आतल्या दोन्ही काळ्या पट्ट्या नळाखाली धरतो, विषय संपला. पण वीस-पंचवीस मिनिटांनी, अंगातून धारा वाहत असताना, आकडा आधी एकाच जागी गोठायचा आणि मग रेघा. तो रोग निराळा.

पहिला संशय सेलवर. खडे बाजारातल्या एका घड्याळवाल्याकडे जाऊन पट्ट्यातला सीआर 2032 बटण सेल मागितला. त्यांनी जुना सेल मीटरला लावला, 3 व्होल्ट. ‘सेल बरा हाय की वो, सर. उगीच कशाला पैसे घालवताय?’ मग डोळ्याला भिंग लावून कप्प्यात बघितलं. कडेची पत्ती दबून पार चपटी झालेली. चिमट्याच्या टोकाने ती केसभर वर उचलली आणि झाकण लावून दिलं. पैसे घेतले नाहीत. मी तरी नवा सेल घेतलाच, कारण हे लिथियमचे सेल संपत येईपर्यंत मीटरवर तीनच्या आसपास दाखवतात, मीटरवर किती विसंबायचं? पत्ती सरळ झाल्यावर उभं राहून पेडल मारताना आकडा जायचा, तो जायचा थांबला. बसून मारताना मात्र रेघा तशाच.

मग कारखान्यातली सवय घरी आणली. वहीत रोज लिहायला लागलो: पंखा, खिडकी, मोबाइल खिशात की टेबलावर, गाणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अकराव्या दिवशी वही चाळली तर रेघांचे सगळे दिवस कुमारजींचे निघाले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले गायक कुमार गंधर्व म्हणजे आमच्याकडे घरचंच माणूस. त्यांची रेकॉर्डिंग्ज माझ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. ती डिस्क लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी 3 सॉकेटमध्ये, आणि बोटभर अंतरावर दुसऱ्या सॉकेटमध्ये पट्ट्याचा अँट प्लस डोंगल, म्हणजे पट्ट्याचा बिनतारी संदेश पकडणारी छोटी काडी. यूएसबी 3 वरून डेटा वाहू लागला की सॉकेट आणि केबल 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट करतात. पट्ट्याचं अँट प्लस आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. मुळात पट्ट्याचा आवाज क्षीण, त्यात लॅपटॉप माझ्या पाठीमागे, म्हणजे मध्ये माझंच शरीर. शरीर बहुतेक पाणीच, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं.

उपाय निघाला 120 रुपयांचा. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेतली आणि डोंगल हँडलबारखाली, छातीच्या समोर, रबरबँडने बांधला. त्यानंतरच्या चाळीसेक राइडमध्ये रेघा दोनदाच दिसल्या. एकदा भिंतीपलीकडे मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत होतं. दुसऱ्या वेळचं कारण सापडलेलं नाही आणि ते मला अजून टोचतंय.

तेव्हा पट्टा चांगला, साडेतीन तारे. फक्त राइड झाली की मधला पॉड, म्हणजे सेल असलेली डबी, बटणं सोडवून काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर तो तसाच राहिला तर बंदच होत नाही, फुकट सेल खातो. पट्टा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. घामाचं मीठ साचलं की आकडे पुन्हा नाचायला लागतात.

खरी तक्रार इलॅस्टिकची. आठ महिन्यांत ते इतकं सैल झालंय की पट्टा घसरून पोटावर येतो, आणि नुसता सुटा पट्टा मागवला तर अकराशे. सध्या बायकोने पाठीमागे दुमडून मशीनवर दोन शिवणी मारून दिल्यात. त्यावर चाललंय.