अमळनेरहून नेलेला मिक्सर आणि जर्मनीतलं स्वयंपाकघर: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. मिक्सर इथूनच न्या. कुकर तिथली शेगडी बघितल्याशिवाय घेऊ नका. गॅसचा लायटर, गोल बुडाची कढई आणि खोबऱ्याच्या वाट्या बॅगेतून काढून ठेवा.

यजमानांच्या नोकरीमुळे वर्षभराहून जास्त काळ स्टुटगार्टजवळ राहून आता आम्ही अमळनेरला परत आलोय. कुणाचा मुलगा तिकडे शिकायला निघाला, कुणाची सून निघाली, की त्या घरची बाई यादी घेऊन माझ्याकडे येते. तेच तेच किती वेळा सांगणार, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

मिक्सर आपला नेहमीचा, 750 वॅटचा, तीन भांड्यांचा. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे मोटरीला काही फरक कळत नाही. अडतं ते पिनेपाशी. तिथलं सॉकेट खोलगट गोल असतं, त्यात दोन जाड पिना जातात आणि अर्थिंगसाठी बाजूला धातूच्या पट्ट्या असतात. आपल्या मोबाइल चार्जरची दोन पायांची पिन त्यात बसते, मिक्सरची तीन पायांची बसत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ‘सगळ्या देशांत चालतो’ छापाचा अडॅप्टर मिक्सरला लावू नका. त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरांत तिसरा पाय नुसता शोभेला असतो, अर्थिंग पुढे जातच नाही. बाजूला पट्ट्या असलेला आणि 16 अँपिअर लिहिलेला बघून घ्या. आम्ही पुढे वायरलाच तिथली पिन बसवून घेतली आणि तो विषय संपला.

आता तिथलाच का घेऊ नये, हे सगळे विचारतात. जर्मनांच्या बहुतेक घरांत हातात धरून फिरवायचा दांड्याचा मिक्सर असतो. वरण घोटायला, ताक करायला, टोमॅटोचं सार करायला तो झकास, भांडी धुवायचा व्याप नाही. मी एक घेतला आणि परत येताना घेऊनही आले. उंच काचेच्या भांड्याचा ब्लेंडरही मिळतो, पण तो पाणी मागतो. आपल्या काळ्या मसाल्याच्या वाटणात पाणी असतं कुठे? भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, लसूण, खडा मसाला, आणि हे सगळं गंधासारखं बारीक हवं, नाहीतर शेवभाजीच्या रश्शाला दाटपणा येत नाही आणि तर्रीही नीट सुटत नाही. ब्लेंडरमध्ये हे मिश्रण काचेला चिकटून बसतं आणि खाली पातं रिकामंच फिरतं. थर्मोमिक्स नावाचं एक सर्वगुणसंपन्न यंत्र शेजारणीकडे होतं, पण त्याची किंमत हजार युरोच्या वर. तेवढ्यात इथे सगळ्या भाऊबंदांना मिक्सर वाटून होतील.

गंमत म्हणजे आपला मिक्सर जन्मलाच मुळी या कारणाने. 1960 च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटरीचा ‘सुमीत’ तयार केला. आपल्या आया-आत्यांच्या ओट्यावर तो वर्षानुवर्षं होता.

वापरात काय झालं? मसाला, चटणी, इडलीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट यांत एकदाही तक्रार नाही. उडदाची डाळ घट्ट वाटताना दोनदा बंद पडला, पण ते मोटर जळू नये म्हणून केलेलं संरक्षण असतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून तळाचं लाल बटण दाबलं की परत सुरू. कळण्याच्या भाकरीचं पीठ तिकडे कुठलं मिळायला! तयार ज्वारीचं पीठ दुकानात असतं, पण ते इतकं जुनं की भाकरी थापताना कडेने फुटते. म्हणून ज्वारी आणि उडीद लहान भांड्यात थोडे थोडे दळून, चाळून घ्यायचे. मधे मधे थांबावं लागतं, पीठ गरम होतं. चक्कीची सर नाही, पण भाकरी थापता आली.

खरी अडचण आवाजाची. तिकडे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळायची आणि रविवारी दिवसभर. आपला मिक्सर सुरू झाला की खालच्या मजल्यावर कळतं. त्यामुळे रविवारच्या शेवभाजीचं वाटण शनिवारी संध्याकाळीच. खाली जाड टॉवेलची घडी घातली की थरथर बरीच कमी होते, फक्त तळाच्या हवेच्या फटी झाकू नका.

दुसरी अडचण धुराची. घराघरांत धूर ओळखणारा अलार्म बसवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं म्हणजे त्याला आमंत्रणच. पहिल्यांदा तो बोंबलला तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरून दारात उभे. त्यांना कढई दाखवली, वास दिला, तर म्हणाले, जेवायला कधी येऊ? त्यानंतर खिडक्या उघड्या, स्वयंपाकघराचं दार बंद, मगच भाजणं. सुकं खोबरं मात्र तिथेच घ्या. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात धरतात आणि विमानतळावर काढून घेतात. श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं जर्मनीत बऱ्याच शहरांत आहेत, तिथे खोबरं, उडीद, इडलीपात्र, अगदी आपला शिट्टीचा कुकरही मिळतो.

कुकरचं सांगते. इथून अ‍ॅल्युमिनियमचा पाच लिटरचा नेला होता. पहिल्या घरात काचेखाली तार तापणारी शेगडी होती, तिच्यावर तो चालला, पण सावकाश. बटण बंद केलं तरी काच गरमच राहते आणि कुकर शिट्ट्या मारतच बसतो, म्हणून तो उचलून बाजूला ठेवावा लागतो. दुसऱ्या घरात इंडक्शन आलं आणि कुकर तांदळाचा डबा झाला. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर न्या. तिथे भाड्याच्या घरात कुठली शेगडी असेल, आणि असेल की नाही, हे आधी कळत नाही. कित्येक घरं स्वयंपाकघराविनाच देतात, ओटा-सिंकही नसतं.

मग तिथला स्टीलचा कुकर घेतला. तो शिट्टी मारत नाही. झाकणावरची दांडी वर येते, तिच्यावरच्या रेघा बघून दाब ओळखायचा. सासूबाई फोनवर विचारायच्या, “किती शिट्ट्या केल्या गं?” मी म्हणायची, “दोन रेघा.” भिजवलेली तूरडाळ दुसऱ्या रेघेनंतर सात-आठ मिनिटांत शिजते. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी कमी घालायचं. दोन-तीन आठवड्यांत हात बसला. आता मला तोच आवडतो.

अनपेक्षित लाभ एकच: पुरणयंत्र. ‘फ्लोटे लोटे’ नावाची हाताने फिरवायची स्टीलची चाळणी तिकडे जुन्या घरांतून असते, सफरचंद-बटाटा कुस्करायला. पुरण तिच्यातून लोण्यासारखं उतरतं. खापर नसल्याने मांडे राहिले, पण पुरणपोळी सणाला चुकली नाही.

भरिताचं मात्र काही जमलं नाही. वांगं ओव्हनमध्ये ग्रिलवर भाजलं की साल सुटते, गर मऊ होतो, पण कापसाच्या काड्यांवर भाजल्याचा धुरकट वास येत नाही. त्यातून वांगीही जांभळी, फुगीर. आपल्या जळगावी भरिताच्या हिरव्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते उगाच नाही. यावर कुठलंही यंत्र विकत घेऊ नका, पैसे जातात.

परत आल्यावर मिक्सर दुरुस्तीवाल्या दादांकडे दिला, आवाज जड येत होता म्हणून. “काय व्हयनं ताई?” म्हणत त्यांनी खोलला आणि म्हणाले, “मशीन चांगलं शे, बुश घसाई गयात.” म्हणजे मोटरीचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या झिजल्या होत्या. अर्ध्या तासात काम झालं. तिकडे हे करणारा शोधणं अवघड आणि इथली वॉरंटी तिकडे चालत नाही. म्हणून जाताना दोन कपलर, झाकणाची रबरी रिंग आणि कार्बन ब्रशची एक जोडी बरोबर न्या. वजन नगण्य.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी हिशोब वेगळा. तिथे 120 व्होल्ट, इथला मिक्सर नुसता गुरगुरतो. ट्रान्सफॉर्मर वजनदार येतो, त्यापेक्षा भारतीय कंपन्यांचे तिथल्या व्होल्टेजचे मिक्सर तिथेच विकत मिळतात, तो घ्या. इंग्लंडला वीज आपलीच, पिन तेवढी वेगळी.

आणि ज्यांचं मूल वरण-भात, मॅगी आणि अंड्यावर राहणार आहे, त्यांनी पाच किलोचा मिक्सर त्याच्या गळ्यात मारू नये. त्याला तिथला दांड्याचा मिक्सर पुरे, आणि त्या पाच किलोत बिबडे (ज्वारीचे पापड) नि शेव द्यावी.