मोल्टन की ब्रॉम्प्टन?

लंडनला नोकरी लागलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, छोट्या चाकांची सायकल घ्यायचीय. मोल्टन घेऊ की ब्रॉम्प्टन?" दोन्ही ब्रिटिश, पण घराणी अगदी वेगळी.

ॲलेक्स मोल्टन हे 'मिनी' मोटारीच्या रबरी सस्पेन्शनचे अभियंते. 1962 साली त्यांनी ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनमध्ये सायकल आणली: छोटी चाकं, टणक टायर, पुढे-मागे सस्पेन्शन. 1967 मध्ये कंपनी रॅले या मोठ्या सायकल कंपनीला विकली, तरी ते थांबले नाहीत. 1983 मध्ये बारीक नळ्यांच्या जाळीची नवी चौकट घेऊन परतले. मला ही जिद्द फार मोलाची वाटते.

अँड्र्यू रिची यांची ब्रॉम्प्टन 1970च्या दशकात त्यांच्या फ्लॅटमध्ये जन्मली. समोर दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून नाव पडलं.

घडी: ब्रॉम्प्टन अर्ध्या मिनिटाच्या आत गाठोड्याएवढी होते. मोल्टनची घडी होत नाही. काही मॉडेलं दोन तुकड्यांत सुटतात, एवढंच.

चालवणं: इथे मोल्टनला तोड नाही. ब्रॉम्प्टनला सस्पेन्शन म्हणून फक्त मागे रबराचा ठोकळा.

किंमत: मोल्टनची वरची मॉडेलं कित्येक पट महाग.

रोज ट्रेन आणि लहान खोली असेल तर ब्रॉम्प्टन. रविवारी लांब भटकायचं, घरी जागा आणि खिशात पैसे असतील तर मोल्टन. भाच्याला मी ब्रॉम्प्टनच सांगितली.