आठ महिने ‘मेझोन इक्कोकु’त बिऱ्हाड

जूनमध्ये ‘मेझोन इक्कोकु’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा पहिला भाग लावला, परवा शेवटचा संपला. एकूण ९६. जमेल त्या रात्री ओटा आवरला की एक भाग, रविवारी फार तर दोन. घाईनं बघायची ही मालिका नाही. एका दमात पाच-सहा भाग बघितलेत तर नायकाला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतील.

रुमिको ताकाहाशींच्या मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून) स्टुडिओ दीननं केलेली ही मालिका जपानमध्ये १९८६ ते १९८८ या काळात फुजी टीव्हीवर चालली. मेझोन इक्कोकु म्हणजे टोकियोतलं एक मोडकळलेलं लाकडी घर, त्यातल्या भाड्याच्या खोल्या. पाच नंबरमध्ये गोदाई, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नापास होऊन पुन्हा अभ्यासाला बसलेला. शेजाऱ्यांच्या जाचाला वैतागून तो सामान बांधतो, तेवढ्यात घराची नवी व्यवस्थापक क्योको दारात येते आणि बांधलेलं सामान पुन्हा सुटतं. क्योको तरुण विधवा आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच नवरा गेला. त्याचं नाव सोइचिरो. तिच्या कुत्र्याचंही नाव तेच.

शेजारी म्हणजे नुसता उच्छाद. उद्या पेपर असेल तर आज दारूची मैफल गोदाईच्याच खोलीत. चार नंबरचा योत्सुया भिंतीला पाडलेल्या भोकातून येतो आणि ताटातलं उचलतो. हा गृहस्थ पोटापाण्याला करतो काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांचं बालपण चाळीत गेलंय त्यांना ही माणसं नवी वाटणार नाहीत. मात्र तिसाव्या भागानंतर त्यांचा तोच तो दंगा मला कंटाळवाणा झाला.

मोठी तक्रार गैरसमजांची आहे. घरात सगळ्यांत मिळून एकच फोन, आणि निरोप घेणारा बहुधा प्यायलेला. त्यामुळे अर्धवट निरोप, चुकीची वेळ, कुणीतरी कुणालातरी भलत्याबरोबर पाहिलं, की झाला एक भाग. पहिल्या दहा वेळा हसलो. मधल्या भागांत मालिका जागच्या जागी फिरते, आणि नवरात्रात मी ती चक्क तीन आठवडे बंद ठेवली होती. गोदाईचा भिडस्तपणाही अति होतो. कोझुए नावाच्या चांगल्या मुलीला तो वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हणत नाही. हा विनोद म्हणून दाखवलाय, मला तो दुष्टपणा वाटला. त्या मुलीसाठी जीव तुटला.

तरी सोडवली नाही, कारण इथं माणसांची वयं वाढतात. प्रेमाच्या बहुतेक विनोदी मालिकांत मंडळी कायम अकरावीतच असतात. गोदाई कॉलेजात जातो, बाहेर पडतो, मिळालेली नोकरी कंपनी बुडाल्यानं जाते, मग तो एका कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची पोरं सांभाळतो. त्या पोरांच्या गराड्यात बसून बालवाडी शिक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करणारा गोदाई आणि पहिल्या भागातला गोदाई, यांच्यामधला काळ आपणही त्याच्याबरोबर काढलेला असतो. मधले रटाळ भाग तिथं वसूल होतात. सगळे नाही, पण बरेच.

क्योको तर फारच बारकाईनं उभी केलीय. चिडली की बोलत नाही, अंगण झाडायला घेते, आणि झाडूच्या फटकाऱ्यांवरून गोदाईला (आणि आपल्याला) अंदाज येतो. तिला आवाज देणाऱ्या सुमी शिमामोतो यांचा स्वर इतका मऊ, की त्यातला राग उशिरा लक्षात येतो. मत्सर आहे, पण तो मान्य करायचा तर नवऱ्याला विसरल्यासारखं होईल, ही तिची खरी अडचण. सोइचिरोच्या फोटोत चेहरा कधीच दिसत नाही, कायम सावली. जिवंत प्रतिस्पर्धी आहेच, दात चमकवणारा, कुत्र्यांना घाबरणारा टेनिसचा प्रशिक्षक मिताका. पण गोदाईचा खरा सामना त्या सावलीशी आहे, आणि मालिका क्योकोला ती पुसून टाकायला लावत नाही.

जाता जाता एक गंमत. आडनावांत जपानी आकडे लपलेत: एक नंबरच्या शेजारणीच्या इचिनोसेत एक, मिताकात तीन, योत्सुयात चार, गोदाईत पाच. दोन नंबरचा निकाइदो मांगात आहे, मालिकेत त्याला गाळलाय.

आमच्याकडे दर वेळी भाग लावताना बायकोचा एकच प्रश्न असायचा, “आज तरी बोलणार का हा?” ज्या रात्री तो खरंच बोलला, त्या रात्री ती सोफ्यावर पेंगत होती. उठवलं, सात मिनिटं मागे नेलं, पुन्हा बघितलं.